कोरियन दागिन्यांचे शब्द पाठ होतात, पण दुकानात तोंडातून निघत नाहीत: काय करावे?

हुपरीची लेक (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी मूळची हुपरीची. आमच्या घरी चांदीचे काम चालते आणि पैंजण, वाळे, जोडवी यांच्या आवाजातच मी लहानाची मोठी झाले. सध्या शिक्षणासाठी सोलमध्ये राहते. टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेची दुसरी पातळी मी उत्तीर्ण झाले आहे आणि रोजचे व्यवहार कोरियन भाषेत कसेबसे निभावते. घरच्या व्यवसायामुळे दागिन्यांचे शब्द नीट शिकावेत असे फार मनात होते, म्हणून वहीत साठ-सत्तर शब्दांची यादी करून ती पाठ केली. बान्जी म्हणजे अंगठी, मोक्कॉरी म्हणजे गळ्यातले, ग्वीगॉरी म्हणजे कानातले, फाल्च्ची म्हणजे हातातले कडे किंवा ब्रेसलेट, बाल्च्ची म्हणजे पायातले, असे सगळे मला झोपेतही सांगता येते.

मागच्या आठवड्यात मी जोंगनो साम-गा भागातल्या सराफ बाजारात गेले होते. तिथल्या एका दुकानात मी पायातले साखळीचे दागिने दाखवायला सांगितले, तर त्या बाईंनी ब्रेसलेटांचा ट्रे पुढे ठेवला. मी तोच शब्द अधिक मोठ्याने, अधिक स्पष्ट म्हणून पुन्हा सांगितला, तर त्यांनी ब्रेसलेटांचा दुसरा ट्रे काढला. शेवटी पायाकडे बोट दाखवावे लागले. पुढे एक अंगठी बोटात घालून पाहू का, असे विचारताना मी कपडे घालण्याचे क्रियापद वापरले. त्यांना अर्थ कळला, पण माझे वाक्य त्यांनी हळूच दुरुस्त केले आणि त्या दुरुस्तीतला शब्द माझ्या यादीत कुठेच नव्हता.

विचारण्याचे निमित्त असे की, मी ज्यांच्या घरी भाड्याने राहते त्या आजींच्या नातीचा पहिला वाढदिवस, म्हणजे इथला 'दोल', पुढच्या महिन्यात आहे. बाबांनी तिच्यासाठी चांदीचे घुंगरांचे वाळे घडवून पाठवले आहेत. सोबत एक छोटी चिठ्ठी मला स्वतः कोरियनमध्ये लिहायची आहे. वाळ्यांना काय म्हणावे, ते पायात घालण्याला काय म्हणावे आणि मुळात हे शब्द कसे शिकावेत, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दुभाषी, पुणे

ताई, आपली यादी चुकीची नाही, पण ती नुसत्या नामांची आहे आणि अडचण तिथेच आहे. कोरियनमध्ये दागिन्याचे नाव आणि तो अंगावर चढवण्याचे क्रियापद ही जोडी आहे. ती जोडीनेच शिकावी लागते. मराठी माणसाला हे परके वाटण्याचे कारण नाही, कारण आपल्याकडेही गजरा माळतात, बांगड्या भरतात, फेटा बांधतात, कुंकू लावतात आणि आंबाड्यात फूल खोवतात. 'गजरा घातला' असे कोणी म्हणाले तर अर्थ कळतो, पण ऐकणाऱ्याच्या कानाला खटकते. त्या दुकानातल्या बाईंनाही नेमके तसेच खटकले असणार.

अंगठीचे क्रियापद क्कीदा आहे. एखादी गोष्ट दुसरीत घट्ट बसवणे, मध्ये सरकवणे हा त्याचा गाभा आहे. म्हणून अंगठी, हातमोजे, डोळ्यांतील काँटॅक्ट लेन्स हे सगळे क्कीदा. छादा म्हणजे अवयवाभोवती आवळून बांधणे. मनगटावरचे घड्याळ, ब्रेसलेट, कमरेची तलवार, इतकेच काय, बेड्यादेखील छादा. स्सुदा हे डोक्यावर किंवा चेहऱ्यावर घेण्याच्या वस्तूंसाठी आहे: टोपी, मुखपट्टी, चष्मा, आणि डोक्यावर धरायची छत्रीसुद्धा. चष्म्याला क्कीदाही चालते. पायात घालायच्या मोज्यांना आणि बुटांना शिन्ता, आणि कपड्यांना इप्ता. आपण अंगठीला इप्ता लावलेत, म्हणजे साधारणपणे 'अंगठी नेसू का' असे विचारल्यासारखे झाले.

केसांतल्या वस्तूंसाठी क्कोत्ता आहे, आणि त्याला आपला 'खोचणे' हा शब्द इतका चपखल बसतो की मी विद्यार्थ्यांना दुसरा अर्थ सांगतच नाही. ब्रोचसारख्या लटकवायच्या, अडकवायच्या वस्तूंसाठी दाल्दा. कानातले आणि गळ्यातले यांच्यासाठी रोजच्या बोलण्यात बहुधा साधे हादा, म्हणजे 'करणे', वापरतात. क्रियापद आठवले नाही तर दागिन्यांच्या बाबतीत पुष्कळदा हादावर निभावते, पण अंगठीला क्कीदाच वापरावे. गळ्यात मफलर गुंडाळणे म्हणजे दुरुदा, टाय बांधणे म्हणजे मेदा.

आता उलट दिशा पाहा, कारण इथे अनेक चांगले विद्यार्थीही घसरतात. क्कीदाने चढलेली अंगठी प्पेदाने, म्हणजे ओढून काढण्याच्या क्रियापदाने उतरते. कानातल्यांनाही तेच. घड्याळ, ब्रेसलेट, टाय यांना फुल्दा, म्हणजे सोडवणे. टोपी, बूट, कपडे यांना बॉत्ता. आपल्याकडे बांगडी फुटली तरी ती 'वाढवली' असे म्हणण्याची रीत आहे. दागिना अंगावरून जाताना भाषा किती जपून बोलते ते आपल्याला नव्याने सांगायला नको. कोरियन क्रियापदांत शुभाशुभाचा भाग नाही, पण वस्तू शरीराला कशी धरून होती याची आठवण त्या क्रियापदात राहते. अंगठी ओढावी लागते, घड्याळाचा पट्टा सोडवावा लागतो. दर वेळी हाताची हालचाल करून शब्द मोठ्याने म्हणा. मी स्वतः असाच शिकलो आणि गेली अनेक वर्षे असेच शिकवतो.

कोरियनमध्ये एक म्हण आहे, 'मणी तीन माल असले तरी ओवले तरच ते धन'. माल हे धान्य मोजण्याचे जुने माप, सुमारे अठरा लिटरचे. आपल्या वहीत मणी पुरेसे झाले आहेत. यादीतल्या प्रत्येक नामासमोर चढवण्याचे एक आणि उतरवण्याचे एक अशी दोन क्रियापदे लिहून तीच वही पुन्हा नव्याने करा.

उच्चारांचा अभ्यासक

वरचे उत्तर उत्तम आहे. मी फक्त ब्रेसलेटांच्या दोन ट्रेबद्दल लिहितो, कारण तिथे दोष क्रियापदाचा नव्हता.

फाल म्हणजे हात, बाल म्हणजे पाय. त्यांना 'च्ची' लागून फाल्च्ची आणि बाल्च्ची झाले. दोन शब्दांत फरक एकाच व्यंजनाचा. कोरियन 'ब' शब्दाच्या सुरुवातीला आपल्या ब-सारखा घोष, म्हणजे घशात कंप होणारा, राहत नाही, तो आपल्याला प-च्या जवळचा ऐकू येतो. ध्वनिफीत ऐकून आपण 'पाल्च्ची' म्हणायला शिकला असाल, आणि समोरच्याला कळेना म्हणून दुसऱ्यांदा आवाज चढवून म्हटले असेल. सोलच्या आजच्या बोलीत नेमके हेच घातक ठरते, कारण तिथे फ आणि ब यांतला भेद लोक बऱ्याच अंशी स्वराच्या उंचीवरून ओळखतात. फाल उंच स्वरात सुरू होतो आणि बाल खालच्या स्वरात. आपण जितक्या जोराने आणि उंच आवाजात बोललात, तितका तो शब्द हाताकडे सरकत गेला.

उपाय सोपा आहे. हातासाठी ओठ पूर्ण मिटून मराठी 'फळ' मधला फ श्वासाच्या झोताने सोडा. 'ऑफिस' मधला फ नको, कारण तो ध्वनी कोरियनमध्ये नाहीच. पायासाठी निःशंकपणे मराठी ब म्हणा आणि आवाज खाली ठेवा. ज्यांच्या भाषेत महाप्राण, म्हणजे फ-सारखे श्वासाच्या झोताने सुटणारे ध्वनी, नाहीत त्यांना यासाठी महिनोन्‌महिने घालवावे लागतात. आपल्याला तो भेद घरातूनच मिळालेला आहे. 'च्ची' मधला च मात्र चिमणीतला हवा, चमच्यातला नको.

चांदीलाही जपा. चांदी म्हणजे 'उन' आणि सोने म्हणजे 'गुम', असे आपण देवनागरीत लिहितो खरे, पण हा उ ओठांचा चंबू न करता, ओठ दोन्ही बाजूंना ताणून म्हणायचा असतो. ओठ गोल केले तर 'उन' चा अर्थ नशीब होतो.

कानातल्यांचे दोन शब्द आपल्याला भेटतील, ग्वीगॉरी आणि ग्वीगोरी. ग्वी म्हणजे कान. पहिल्यात 'टांगणे' या अर्थाचे गॉल्दा आहे, दुसऱ्यात गोरी म्हणजे कडी किंवा वळे आहे. दोन्ही प्रमाण मानले जातात, त्यामुळे एक चूक आणि एक बरोबर असे समजून गोंधळू नये. त्याच टांगण्यातून मोक म्हणजे मान यावरून मोक्कॉरी झाले, आणि खो म्हणजे नाक यावरून खोगॉरी. आपल्या नथीला हाच शब्द सांगावा लागतो. यावरून एक म्हण आहे: 'ग्वीए गॉल्म्यॉन ग्वीगॉरी, खोए गॉल्म्यॉन खोगॉरी', म्हणजे कानात अडकवले तर कानातले, नाकात अडकवले तर नाकातले. एकाच गोष्टीचा, विशेषतः एखाद्या नियमाचा, सोयीप्रमाणे हवा तसा अर्थ लावला की लोक हे म्हणतात. ही एक म्हण पाठ केली तर कान, नाक, टांगणे, कानातले आणि नथ असे पाच शब्द व्याकरणासकट जिभेवर बसतात.

जाता जाता एक इशारा: मोजा म्हणजे टोपी. पायातल्या मोज्यांना यांग्माल म्हणतात. मराठी विद्यार्थ्याचा कान इथे हमखास फसतो.

गाठी-गोंडे

मी हातमागाच्या कापडाचे आणि गोंडे-गाठींचे काम करते. त्या निमित्ताने सोल आणि ग्योंगजू इथल्या संग्रहालयांत बरेच दिवस घालवले आहेत. तिथल्या पाट्यांवरचे शब्द दुकानात ऐकू येत नाहीत, पण चांदीच्या घरातल्या मुलीला ते ठाऊक असावेत असे मला मनापासून वाटते.

दुकानात स्वस्त, फॅशनच्या वस्तूंना एक्सेसॉरी म्हणतात, सोन्या-चांदीला ग्वीगुमसोक, रत्नांना बोसोक. पाटीवर मात्र जांगशिन्गु असा शब्द दिसेल. शरीर सजवण्याची साधने असा त्याचा अर्थ आहे. अंगठीलाही दोन शब्द आहेत. जाड, नक्षी नसलेल्या किंवा कोरलेल्या दोन अंगठ्यांची जोडी एकाच बोटात घालतात तिला गारक्ची म्हणतात. ती जुन्या काळी विवाहित स्त्रीची खूण होती. अविवाहित मुलीने एकच अंगठी, म्हणजे बान्जी, घालायची. हाताच्या बोटाला सोन्क्कारक आणि पायाच्या बोटाला बाल्क्कारक म्हणतात, हे लक्षात घेतले की गारक्ची विसरत नाही. आपल्या जोडव्यांना स्वतंत्र शब्द नाही. 'बाल्क्कारक बान्जी', म्हणजे पायाच्या बोटातली अंगठी, असे म्हटले की पुरते. मंगळसूत्राला प्रतिशब्द शोधू नका. 'विवाहित स्त्री घालते ते मोक्कॉरी' असे सरळ वाक्यात सांगा.

सगळ्यांत जास्त वेळ मी नोरिगेपाशी थांबले. हा दागिना अंगाला स्पर्शही करत नाही. आखूड चोळीसारख्या जॉगोरीच्या पुढच्या बंदाला किंवा घागऱ्याच्या कमरेला तो टांगतात. वर अडकवायची छोटी नक्षीदार आकडी, तिला त्तिदोन म्हणतात. त्याखाली रेशमी दोरा आणि त्याच्या मेदुप म्हणजे गाठी, मध्ये पोवळे, जेड किंवा चांदीचा मुख्य ऐवज, आणि खाली सुल म्हणजे लांब गोंडा. तीन नोरिगे एकत्र बांधले की त्याला साम्जाक म्हणतात. कधी मध्यभागी चांदीच्या म्यानातली चिमुकली सुरी, उन्जांगदो, असते. मी काचेजवळ जाऊन पाहिले तेव्हा एका गाठीत दोऱ्याची दोन्ही टोके आत कुठे गेली ते शेवटपर्यंत सापडले नाही. आपल्या पटवेकऱ्याने गाठवलेल्या पोतीची पाठ पाहिली तर तीच सफाई दिसते. कमरेला छल्ला अडकवणाऱ्या आपल्या आज्यांना नोरिगे लगेच कळले असते. शब्दाबद्दल एक सावधगिरी बाळगावी: नोरिगेचा मूळ अर्थ खेळणे असाही आहे, आणि एखाद्या व्यक्तीला तो शब्द लावणे हा अपमान ठरतो.

आंबाड्यात आडवी खोचायची काडी म्हणजे बिन्यॉ. ती विवाहितेची. मुलीच्या वेणीला रेशमी फीत, देंगी. आणि त्तॉल्जाम हा शब्द तर मला कोरियन भाषेतल्या सुंदर शब्दांपैकी एक वाटतो. राजघराण्यातील स्त्रियांच्या मोठ्या केशरचनेत खोचायचा हा दागिना, त्यावर बारीक तारांच्या स्प्रिंगा, त्यांच्या टोकांवर फुलपाखरे आणि फुले. चालताना ती थरथरतात, म्हणून 'थरथरणारी काडी' हेच त्याचे नाव.

ग्योंगजूला जाल तेव्हा सिल्ला या प्राचीन कोरियन राजवटीची सोन्याची कर्णभूषणे अवश्य पाहा. १९२१ साली तिथल्या एका थडग्यात पहिला सुवर्णमुकुट सापडला आणि त्या थडग्यालाच गुम्ग्वान्छोंग, सुवर्णमुकुटाचे थडगे, असे नाव पडले. १९७३ मध्ये छॉन्माछोंगच्या उत्खननात आणखी एक मुकुट मिळाला. कर्णभूषणांचे वर्गीकरण पाट्यांवर 'जाड कडीची' आणि 'बारीक कडीची' असे केलेले असते, आणि तिथे तीच 'गोरी' भेटते जिचा उल्लेख वर आला आहे.

मण्यांच्या भागात यूरी असा शब्द दिसेल. त्याचा आजचा अर्थ काच. हा शब्द बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे कोरियात पोहोचला आणि त्याच्या मुळाशी पालीतला वेळुरिय, म्हणजे आपला वैडूर्य, आहे. रत्नाचे नाव इतका प्रवास करून खिडकीच्या तावदानाचे झाले. कोरियन भाषेत आपल्या भूमीचा शब्द असा अचानक हाती लागला तेव्हा मी ती पाटी दोनदा वाचली.

जोंगनोजवळ राहणारा

व्यवहाराचे तेवढे सांगतो. सराफाच्या दुकानाला गुमुन्बांग म्हणतात. वजनाचे एकक 'दोन' आहे, म्हणजे ३.७५ ग्रॅम. 'हान दोन' म्हणजे एक दोन, आणि आपला कान तिथे हटकून २ ऐकतो. पहिल्या खेपेला मी दुप्पट वजनाचा हिशेब धरून बसलो होतो. १० दोनांचा एक न्यांग, म्हणजे ३७.५ ग्रॅम. आपला ११.६६ ग्रॅमचा तोळा सुमारे ३.१ दोन भरतो.

दोलच्या दिवशी बाळाला शुद्ध सोन्याची अंगठी देतात, ती दोल्बान्जी, आणि ती रीतीप्रमाणे एक दोनाची. सोने महाग झाल्यापासून १ ग्रॅमच्याही मिळतात. शुद्ध सोन्याला सुन्गुम म्हणतात, मुलाम्याला दोगुम. नेहमीचे दागिने १४ किंवा १८ कॅरेटचे असतात आणि भाव विचारताना 'शिप्साखेई', 'शिप्फाल्खेई' असे ऐकू येते. अंगठीच्या मापाच्या आकड्यापुढे 'हो' लावतात. कानातल्यांच्या जोडीला स्सांग, पण त्यांतले एकच हरवले तर च्चाक. हातमोज्यांची जोडी मात्र ख्यॉल्ले. जोडप्याने सारख्या घालायच्या अंगठ्यांना खॉफुल्लिंग म्हणतात. तो इंग्रजीवरून इथेच बनलेला शब्द आहे.

बाल्च्चीबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. २००८ पासून इथे काही गंभीर गुन्हेगारांच्या पायाला इलेक्ट्रॉनिक पट्टा बांधतात आणि बातम्यांत त्याला 'जॉन्जा बाल्च्ची' म्हणतात. दागिन्यासाठी बाल्च्ची हाच शब्द रूढ आहे, त्यामुळे तो टाळू नका. पण चिठ्ठीत तो एकटा न ठेवता बाळ, चांदी, घुंगरू असे काही त्याला जोडा, म्हणजे वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पहिल्या क्षणापासून योग्य चित्र उभे राहील.

हुपरीची लेक

आपणा सर्वांचे मनापासून आभार. वही नव्याने केली आहे. चिठ्ठीत वाळ्यांसाठी 'बांगुल दाल्लिन उन्बाल्च्ची', म्हणजे घुंगरू लावलेले चांदीचे पायातले, असे लिहिले आहे. दाल्दा याच क्रियापदाचे हे रूप आहे ना? आणि एक शंका राहिली. बाळ स्वतः काही घालणार नाही, आपण त्याच्या पायात घालणार. तेव्हाही छादाच का?

दुभाषी, पुणे

'बांगुल दाल्लिन' अगदी बरोबर आहे. ते दाल्दाच्या कर्मणी रूपावरून आले आहे. दुसऱ्याच्या अंगावर चढवायचे असेल तर मात्र क्रियापद बदलते. छादाचे छेउदा, क्कीदाचे क्कीउदा, स्सुदाचे स्सिउदा, शिन्ताचे शिन्गिदा, इप्ताचे इफिदा. बोलताना त्यापुढे 'देणे' या अर्थाचे जुदा जोडतात, म्हणजे वाळे पायात घालून देणे हे 'छेवॉ जुदा'. कासार बांगड्या भरून देतो ना, अगदी तसे. चिठ्ठीत शेवटी एक ओळ अशी लिहा की, आमच्याकडे बाळ पाऊल टाकू लागले की घरच्यांना आवाज यावा म्हणून घुंगरांचे वाळे घालतात. तिथे दोलला बाळ हरवू नये म्हणून नाव आणि फोन क्रमांक कोरलेले ब्रेसलेट देण्याची पद्धत आहे, तेव्हा यामागची काळजी आजींना न सांगताच कळेल.

हुपरीची लेक

काल दोल पार पडला, म्हणून कळवते. चिठ्ठी आजींनी चष्मा लावून दोनदा वाचली आणि डबी उघडून एक वाळा कानाजवळ नेऊन वाजवला. मी 'छेवॉ' पासून सुरू होणारे वाक्य मनात जुळवत होते, तेवढ्यात त्यांनीच नातीला मांडीवर घेतले, तिच्या पायातला छोटा यांग्माल काढला, पाऊल माझ्यापुढे धरले आणि म्हणाल्या, "छेवॉ ज्वॉयो."